सपाट केलेल्या रेषा

मोठ्या मामांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली आणि पाठोपाठ व्हॉइस मेसेज. "चारीचा नकाशा दिलाय बघ त्यांनी. माझ्या फोनात उघडंना. आपल्या वरच्या तुकड्यात पाणी चढतंय का, एवढंच बघून सांग की. तू इंजिनीअर हायस."

मी इंजिनीअर आहे, पण सॉफ्टवेअरचा. आमच्या घरात हा फरक कुणी फारसा मानत नाही. मिक्सर बिघडला तरी मलाच विचारतात. या वेळी मात्र मामांचा नेम बरोबर लागला होता. पुण्यातल्या नोकरीत मी गेली तीन वर्षं मोजणीचे आकडे ड्रॉइंगमध्ये आणणारे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहितोय. ऑटोकॅड, सिव्हिल थ्रीडी वगैरे माझ्या लॅपटॉपवर असतंच. म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. रात्रीचे दोन वाजले.

आधी प्रकरण सांगतो. मामांचं गाव मोहोळ तालुक्यात. कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून शेतात पाणी, अशी ती उतरंड असते. चारीला पंप नसतो. पाणी फक्त उतारावर चालतं, त्यामुळे हातभर उंचीचा फरकही तिथे महत्त्वाचा. दोन्ही मामांची वाटणी १९९८ साली झाली, प्रत्येकी साडेचार एकर, गुंठ्याला गुंठा मोजून. मोठ्यांकडे वरचा तुकडा, धाकट्यांकडे ओढ्याकडचा. नवीन चारी मोठ्या मामांच्या शेतातून जाणार होती, त्यात त्यांचे तीन गुंठे जाणार होते, आणि त्यासाठी संमतीची सही मागितली होती. सही करायची की नाही, हा खरा प्रश्न.

फाइल उघडली तर वरून सगळं छान. ओढा, रस्ता, बांध, विहीर, मोरी, गटाच्या हद्दी. प्रत्येक बिंदूशेजारी त्याची उंची छापलेली. पण नकाशा तिरका करून बाजूने बघितला, तर सगळ्या रेषा एकाच पातळीत पडलेल्या, ताटात वाढलेल्या शेवयांसारख्या. ओढाही तिथेच, बांधही तिथेच. एका रेषेवर कर्सर नेला तर उंची शून्य. लेबलवर चारशे-साडेचारशे मीटर आणि रेषा मात्र शून्यावर, हे कसं?

ज्यांनी हे सॉफ्टवेअर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: मोजणीतून आलेल्या रेषेच्या प्रत्येक टोकाला तीन आकडे असतात. पूर्वेकडे किती, उत्तरेकडे किती आणि उंची किती. हे आकडे एका जागी साठवलेले असतात आणि ते पडद्यावर कसे दाखवायचे हे दुसऱ्या जागी, रेषेच्या 'स्टाइल'मध्ये, ठरतं. तिथे थ्रीडी जॉमेट्री नावाचा टॅब आहे. त्यात तीन पर्याय: रेषेची स्वतःची उंची वापरा, रेषा अमुक उंचीला सपाट करून दाखवा, किंवा उंची अमुक पटीने फुगवून दाखवा. या फाइलमध्ये दुसरा पर्याय निवडलेला होता आणि उंचीच्या रकान्यात शून्य. म्हणजे आकडे पुसलेले नव्हते, फक्त दाखवायचे नाहीत असं ठरवलेलं होतं. उंची बदलण्याची वेगळी खिडकी उघडली की खरे आकडे जागच्या जागी दिसत होते.

मी खुशीत पहिला पर्याय निवडला, आणि नकाशा फुटला.

अर्ध्या रेषा उरलेल्या अर्ध्यांपेक्षा सत्तरेक मीटर उंच उडाल्या. मोरीपाशी ओढा दोन पावलांत वीस-बावीस मजले कोसळत होता. मोहोळ तालुक्यात असा धबधबा असता तर आम्ही तिकीट लावलं असतं.

तेव्हा कळलं की रेषा सपाट का केल्या होत्या. माझ्या आधी कुणीतरी हेच दृश्य पाहिलं असणार. संध्याकाळचे सहा वाजलेले, उद्या फाइल द्यायची, आणि पडद्यावर हा डोंगरकडा. त्याने किंवा तिने सपाटचा पर्याय निवडला आणि घरचा रस्ता धरला. मला राग आला नाही. कोडमध्ये एरर सापडत नसली की ती दिसणार नाही अशी व्यवस्था मीही केलेली आहे.

आणखी एक गंमत होती. पर्याय बदलल्यावरही काही रेषा शून्यावरच राहिल्या. त्या गटांच्या हद्दी. त्यांची उंची लपवलेली नव्हती. त्यांना उंची नव्हतीच. त्या गावनकाशावरून गिरवलेल्या होत्या, आणि गावनकाशात उंची कुणी कधी मोजलेलीच नाही. म्हणजे एका फाइलमध्ये तीन वेगवेगळी शून्यं नांदत होती. ती कुठून आली हे शोधायला लागलो आणि चारी बाजूलाच राहिली.

गटांच्या हद्दीपासून सुरुवात करू. आज आपण सातबारा आणि गावनकाशा म्हणून जे ओळखतो, त्याचं मूळ ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यातल्या जमीन मोजणीत आहे. १८२०च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात पहिला प्रयोग केला. त्याचे दर इतके चुकले की शेतकरी गावं सोडून जाऊ लागले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत ही पद्धत आमच्या माढा-मोहोळकडे सरकली. १८४७ च्या 'जॉइंट रिपोर्ट'मध्ये तिचे नियम पक्के झाले. विंगेट लष्करातला इंजिनीअर होता. लेव्हलची दुर्बीण त्याला नवीन नव्हती. तरी त्याच्या मोजणीत उंची नाही, कारण तिची गरजच नव्हती. सरकारला सारा बसवायचा होता आणि सारा बसतो क्षेत्रफळावर.

हत्यार होतं साखळी, ३३ फूट लांब, तिचे भाग सोळा आणे. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे बरोबर एक एकर, ४३,५६० चौरस फूट. जमिनीच्या जाहिरातीत आपण जो गुंठा वाचतो तो मुळात एका साखळीचा चौरस आहे, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. सगळं दोन मितींत, सपाट.

पण उतार त्यांना दिसत नव्हता असं नाही. प्रतबंदी करताना, म्हणजे जमिनीची प्रत ठरवताना, शेताचे कप्पे पाडत, खणून मातीची खोली हातात मोजत. पावणेदोन हात खोल उत्तम काळी जमीन म्हणजे सोळा आणे. मग दोष बघत. चुनखडीचे खडे, वाळू, पाणी न मुरणं, पाणी साचणं, ओहोळाने माती वाहून जाणं, असे सात दोष ठरवलेले होते आणि प्रत्येकाची खूण होती. त्यातला एक दोष: उतार. त्याची खूण एक साधी तिरकी रेघ. एक दोष सापडला की प्रत एक पायरी खाली.

इथे मी बराच वेळ थांबलो. ज्या उतारावर चारीचं सगळं गणित अवलंबून, तो या दप्तरात आकडा म्हणून नाही, जमिनीतली खोड म्हणून नोंदला गेला. किती उतार, कुठल्या दिशेला, काही नाही. एक तिरकी रेघ आणि साऱ्यात थोडी सूट. साऱ्यापुरतं ते पुरेसं होतं, आणि मी विंगेटला नावं ठेवत नाही. त्या काळी एकेका शेताची माती तपासणं हे थोर काम होतं. पण ज्या कामासाठी तो नकाशा केला ते काम संपून जमाना झाला तरी आपण वाटण्या त्याच नकाशावर करतो. माझ्या मामांची १९९८ ची वाटणी त्याच साखळीने झाली होती. दोघांना सारखे गुंठे. पाणी कुणाकडे जाईल याचा रकानाच नव्हता.

उंची आमच्याकडे आली ती रेल्वेबरोबर आणि पाण्याबरोबर. आगगाडीला चढ झेपत नाही. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरपर्यंत पोचली, ती आधी चढ-उतार मोजूनच. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ती बघा. सोलापूर शहर साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. शहराच्या ईशान्येला आदिला नदीवर एकरुख तलाव, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो, तो १८७१ च्या सुमारास पुरा झाला. त्याचे कालवे वेगवेगळ्या पातळीवरून काढले होते, काही वरच्या, एक खालच्या. वरच्या कालव्यात पाणी यायचं तर तलाव तितका भरायला हवा. ही रचना सपाट नकाशावर करताच येत नाही.

आता शून्य नंबर दोन. समुद्रसपाटीपासून म्हणायचं, पण समुद्र सोलापूरपासून किती लांब! समुद्राची उंची आत आणतात ती पायी. दुर्बीण पाणसळीत लावायची, मागे एक माणूस पट्टी धरून उभा, पुढे एक. मागचं वाचन वजा पुढचं वाचन, की दोन जागांच्या उंचीतला फरक मिळाला. मग दुर्बीण उचलायची, पुढे जायचं, पुन्हा तेच. असं शेकडो मैल. भारतात अशा अचूक रेषा टाकायला १८५८ मध्ये सुरुवात झाली. सुरुवातीचा समुद्र म्हणजे किनाऱ्यावरची विहीर: तिच्यात तरंगणारा फ्लोट भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतो आणि कागदावर रेघ उमटते. ती वाचनं वर्षानुवर्षं घेऊन त्यांची सरासरी, ती समुद्रसपाटी. मुंबईत अपोलो बंदरावर असं यंत्र १८७८ पासून आहे.

पन्नास वर्षांत या रेषांचं जाळं झालं आणि १९०९ मध्ये त्या सगळ्यांची एकत्र जुळवणूक केली गेली. त्यासाठी नऊ बंदरांतली सरासरी पातळी शून्य धरली: कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओडिशाचं फॉल्स पॉइंट. आता अडचण अशी की समुद्र ताटातल्या पाण्यासारखा सगळीकडे एका पातळीत नसतो. पाण्याचा खारटपणा, तापमान, वारे, प्रवाह यांनी एका किनाऱ्याची सरासरी दुसरीपेक्षा वर-खाली असते. तरी नऊच्या नऊ ठिकाणी शून्यच धरलं, आणि उरलेला फरक मधल्या रेषांवर वाटून टाकला.

हे वाचताना मला हसू आलं. ज्या पर्यायाने माझी रात्र खाल्ली तो हाच तर होता: सपाट करा, उंची शून्य. फक्त इथे ओढा नव्हता, अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर होता.

आधी वाटलं, हीसुद्धा चलाखीच. मग विचार बदलला. एक म्हणजे त्यांनी काय केलं ते लिहून ठेवलं. नऊ नावं आज मलाही माहीत आहेत. माझ्या फाइलवाल्याने एक ओळही लिहिली नव्हती. दुसरं, कालवा खणणाऱ्याला खरा समुद्र कुठे आहे याच्याशी काय देणंघेणं? त्याला हवाय तो मोहोळच्या मोरीचा आणि पुढच्या मोरीचा फरक. सगळ्यांनी एकच शून्य वापरलं की फरक बरोबर येतात, शून्य थोडं इकडेतिकडे असलं तरी. हिमालयाची उंची मोजणाऱ्याला किंवा समुद्र किती वाढतोय बघणाऱ्याला मात्र चालत नाही. म्हणूनच सर्व्हे ऑफ इंडियाने पुढे गुरुत्वाकर्षणाची मोजमापं धरून 'इंडियन व्हर्टिकल डेटम २००९' नावाची नवी जुळवणूक केली.

तिसरं शून्य तुमच्या खिशात आहे. जीपीएसला समुद्र माहीत नाही. तो उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती, किंचित चपट्या आकारापासून. खरी समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणामुळे उंचसखल आहे आणि भारताच्या आसपास तर ती या गणिती आकाराच्या बरीच खाली दबलेली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला जगातला सर्वांत मोठा खड्डा, शंभर मीटरहून खोल. आमच्या भागात हा फरक साठ मीटरांहून जास्त. म्हणून जीपीएसची कच्ची उंची घेतली तर सोलापूर चारशे मीटरच्याही खाली दिसतं. बहुतेक अ‍ॅप हा फरक स्वतःच मिटवून टाकतात, त्यामुळे आपल्याला कळत नाही. मोजणीच्या यंत्रात मात्र तो पर्याय माणसाने निवडावा लागतो.

फाइलचं कोडं सुटलं. अर्धं काम आधीच्या टीमने मोरीवरच्या लाल बाणाच्या खुणेपासून, समुद्रसपाटीच्या हिशेबात केलं होतं. उरलेलं नंतरच्या टीमने जीपीएसवर, कच्च्या उंचीत. दोन्ही टीम आपापल्या जागी बरोबर. दोघांचीही ती मोरी मोजलेली होती, सुदैवाने. त्या एका बिंदूच्या दोन उंचींतला फरक काढला, दुसऱ्या गटाच्या सगळ्या बिंदूंना तेवढा वर उचलला, आणि धबधबा नाहीसा झाला. ओढा ओढ्यासारखा वाहू लागला. एवढ्या छोट्या शिवारासाठी ही युक्ती चालते. तालुकाभर चालणार नाही.

शून्य कुठे धरलंय हे विसरलं की काय होतं, ते खरं तर सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको. उन्हाळ्यात आमच्याकडे रोज पेपरात येतं: उजनी उणे वीस, उणे चाळीस टक्के. पुण्यातले मित्र विचारतात, धरण उणे कसं असतं? तर १९८० साली पुऱ्या झालेल्या या धरणात सगळं मिळून साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, आणि त्यातलं ६३.६६ टीएमसी मृतसाठा म्हणून धरलेलं आहे. निम्म्याहून जास्त! पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असली की शंभर टक्के आणि ४९१.०३ मीटर असली की शून्य. म्हणजे शून्य ते शंभर हा सगळा खेळ ५.८० मीटरांत. शून्याखालीही तलाव भरलेला असतो आणि तेच पाणी नदीत सोडून, पंपाने उचलून शहराला मिळतं, तेही चार-चार दिवसांआड. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे पन्नासच्या खाली गेली होती. आणि तरी, समुद्रापासून मोजलं तर तेव्हाही उजनीतलं पाणी आमच्या शहरातल्या घराच्या उंबऱ्याहून उंच होतं. माझी आई हे ऐकून म्हणाली, "मग नळाला का येत नाही?" मधले शंभराहून जास्त किलोमीटर आणि त्यातले चढ-उतार कसे समजावायचे ते मला सुचलं नाही.

असो. चारीचं उत्तर मिळालं आणि ते मला आवडलं नाही. चारीच्या तोंडाशी पाणी ज्या पातळीला येणार होतं, तिच्यापेक्षा मोठ्या मामांचा बांधाकडचा पावणेदोन एकर तुकडा वीस ते पंचावन्न सेंटिमीटर उंच होता. तिथे पाणी चढणार नाही. धाकट्या मामांचं सगळंच्या सगळं शेत खाली, तिथे आपोआप पोचणार. तीन गुंठे मोठ्यांचे जाणार आणि पूर्ण भिजणार धाकट्यांचं.

हे आता दाखवायचं कसं? खरी उंची दाखवली तर तीनशे मीटर लांब शेतात अर्धा मीटर म्हणजे डोळ्याला काहीच नाही. रेषा सपाटच वाटते. मी तसं चित्र पाठवलं तर मामांचा मेसेज: "सगळं सारखंच दिसतंय की. मग चढंल ना पाणी?" तिसरा पर्याय होता, फुगवून दाखवायचा. दहा पट केल्यावर मोठ्या मामांचं शेत टेकडीवर आणि धाकट्यांचं दरीत दिसायला लागलं. सगळे इंजिनीअर असा उभा छेद फुगवूनच काढतात, त्यात खोटं काही नसतं, बाजूला प्रमाण लिहिलेलं असतं. पण हे चित्र गावात दोन भावांच्या हातात पडल्यावर प्रमाण कोण वाचणार होतं? अठ्ठावीस वर्षं दोघांनी एका विहिरीवर पाळी लावून पाणी घेतलंय, आणि एकदाही भांडलेले नाहीत असंही नाही.

शेवटी चित्र पाठवलंच नाही. आठ जागांची नावं लिहिली, विहीर, बाभळ, मोरी, बांधाचा कोपरा, आणि प्रत्येकीसमोर चारीच्या पाण्यापेक्षा किती बोटं वर किंवा खाली. दोन्ही मामांना एकाच ग्रुपवर, एकाच वेळी. मग रविवारी स्वतः गेलो.

मोठ्या मामांचा आकड्यांवर विश्वास बसला नव्हता. "तुझ्या कंप्युटरमध्ये आधी ओढा उडत होता म्हणालास, मग हे तरी खरं कशावरून?" प्रश्न बिनतोड होता. धाकट्या मामांनी शेजारच्या गवंड्याकडून लेव्हल पाईप आणला, पारदर्शक नळी, आत पाणी. नळीची दोन टोकं कुठेही न्या, आतलं पाणी दोन्हीकडे एका पातळीत राहतं. त्याला ना कराची लागते ना उपग्रह. मोरीपासून सुरुवात केली. एक टोक मोठ्या मामांकडे, एक धाकट्यांकडे, मध्ये मी खुंट्या ठोकत आणि वहीत लिहीत. नळीतले बुडबुडे काढण्यातच पाऊण तास गेला. ऊन वर आलं. बांधाच्या कोपऱ्यापाशी माझ्या आकड्यात आणि नळीच्या आकड्यात चार सेंटिमीटरचा फरक आला. तो यायचाच, इतक्या वेळा नळी उचलून ठेवल्यावर. पण चढ होता तो होताच.

मोठे मामा खुंटीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "सही करतो. पण वरच्या पावणेदोन एकराला विहिरीची पाळी माझी जास्त. तुझं चारीवर भागंल." धाकटे मामा लगेच काही बोलले नाहीत. नळीचं टोक त्यांच्या हातातच होतं. ते म्हणाले, "आधी अजून एकदा धर. त्या चार सेंटिमीटरचं काय ते बघू."